पिस्तुलाच्या फ्रेमवरची रेघ : तडा की मोल्डची खूण?

माझ्या पहिल्या पिस्तुलावर मला तडा सापडला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ट्रिगरच्या वरच्या पिनच्या भोकापासून खाली उतरणारी, केसाएवढी रेघ. बायकोला उठवून दाखवली. तिने चष्मा लावून पाहिलं, "मला तर काहीच दिसत नाही" म्हणाली आणि परत झोपली. मी मात्र दोन वाजेपर्यंत टॉर्च घेऊन बसलो होतो.

तो तडा नव्हता. आणि लाज वाटायचं खरं कारण पुढे आहे : भोसरीच्या टूलरूममध्ये मी नऊ वर्षं इंजेक्शन मोल्ड, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरायचे साचे, बनवण्यात घालवली आहेत. ती रेघ बादलीवर किंवा गाडीच्या हँडलवर असती, तर चहाचा घोट घेता घेता "वेल्ड लाइन आहे, सोड" म्हणालो असतो. (वेल्ड लाइन म्हणजे साच्यात प्लॅस्टिकचे दोन प्रवाह भेटतात तिथली रेघ.) पिस्तूल हातात आलं की माणूस प्लॅस्टिक बघायचं विसरतो, नुसती भीती बघतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नेमबाजीसाठी पहिलं पॉलिमर फ्रेमचं, म्हणजे पकडीसकट खालचा सांगाडा नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचा असलेलं, पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. मी ओहायोत राहतो. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील, पण नायलॉन सगळीकडे सारखंच वागतं.

१. आधी कागद

हे आधी घ्यायचं कारण असं, की तपासणी नेमकी कधी करायची ते कागदांवरच ठरतं. लागणारी कागदपत्रं :

- सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स. घर बदलून लायसन्सवरचा पत्ता बदलला नसेल आणि नवा पत्ता असलेला दुसरा सरकारी कागदही नसेल, तर काउंटरवरूनच परत यावं लागतं.
- नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड. फॉर्मवर त्यातला नंबर लिहावा लागतो.
- राज्याचं स्वतःचं काही असेल तर ते. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावरही १० दिवस थांबावं लागतं. ओहायोत यातलं काही नाही.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. त्यावरून तुमची पार्श्वभूमी तपासली जाते. ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं आणि ते आपल्याच राज्यात ताब्यात घ्यावं लागतं.

इथे आपल्या लोकांसाठी मोठा खड्डा आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असे काही मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. रेंजवर भाड्याने घेणंही यातच येतं. "तुझं ग्रीन कार्ड झालंय ना, मग माझ्यासाठी तू घे" असं मित्र म्हणाला तर सरळ नाही म्हणा. फॉर्मवर पहिल्यांदा तेच विचारतात, की खरा घेणारा तुम्हीच का? तिथे खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि त्यात तुमचं ग्रीन कार्डही अडकतं.

आता मुद्द्याचं : फ्रेम तपासायची ती फॉर्मवर सही करण्यापूर्वी, काउंटरवरच. पिस्तूल एकदा तुमच्या नावावर झालं की दुकानाच्या दृष्टीने ते वापरलेलं. बहुतेक दुकानं मग ते परत घेत नाहीत. ऑनलाइन मागवलंत तरी ते परवानाधारक दुकानातच येतं. तिथे डबा उघडून बघा आणि मन घेत नसेल तर फॉर्म भरण्याआधीच थांबा. मी ज्या दुकानातून घेतलं तिथल्या विक्रेत्याला घाई होती, मलाही संकोच वाटला, आणि मी डबा न उघडताच घरी आलो. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे.

२. रिकामं आहे का, हे दोनदा बघा

मॅगझिन (पकडीत बसणारी काडतुसांची पेटी) काढा. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा धातूचा भाग) मागे ओढून अडकवा. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) डोळ्याने बघा, मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. तपासताना नळी सुरक्षित दिशेला.

ग्लॉकसारखी काही पिस्तुलं उघडण्यापूर्वी (भाग सुटे करण्यापूर्वी) ट्रिगर दाबावा लागतो. चेंबरमध्ये एक राहिलेलं असेल तर त्याच क्षणी ते उडतं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमज. नळीतलं काडतूस मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही.

३. काय काय लागेल

चांगली टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, रबिंग अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, फोनचा कॅमेरा, पांढरी पेन्सिल. आणि अंगठ्याचं नख, थोडं वाढलेलं. बाजारात यासाठी बरंच काही विकतात, त्यातलं काही घेऊ नका.

टॉर्च वरून मारू नका, फ्रेमला जवळजवळ टेकवून आडवी मारा. आडव्या उजेडात उंचवटा आणि खड्डा वेगवेगळे ओळखू येतात. क्यूसीच्या (मालाच्या तपासणीच्या) टेबलावर पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

४. फ्रेम जन्माला कशी येते

ही पायरी लांब आहे, पण ओलांडू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

पॉलिमर फ्रेमचं पहिलं पिस्तूल हेकलर अँड कॉखने १९७० मध्ये काढलं, व्हीपी७०. ते फारसं चाललं नाही. मग ऑस्ट्रियात गास्टन ग्लॉक आले. तोवर पिस्तूल बनवण्याचा त्यांना काही अनुभव नव्हता. त्यांचा कारखाना पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी चाकू बनवायचा. प्लॅस्टिक मात्र त्यांना कळत होतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्यांचं पिस्तूल स्वीकारलं आणि बंदुकीच्या धंद्यात मोल्डवाल्यांचे दिवस आले. आमच्या धंद्याच्या या विजयाची गोष्ट आमच्या टूलरूममध्ये कुणालाही माहीत नव्हती.

अशा फ्रेम बहुतेक नायलॉनवर आधारित मिश्रणाच्या असतात. पुष्कळ मिश्रणांत मजबुतीसाठी काचेचे बारीक तंतू घालतात. दाणा आधी ड्रायरमध्ये सुकवतात, मग वितळवतात. नायलॉन ६६ सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळतं. तो रस प्रचंड दाबाने पोलादी मोल्डमध्ये ढकलतात. आत आधीच स्टीलच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात, म्हणजे रेल (स्लाइड ज्यावर धावते त्या पट्ट्या) आणि नंबरपट्टी वगैरे. रस त्यांच्याभोवती बसतो. थंड झाल्यावर मोल्ड दोन बाजूंना उघडतो, भोकांसाठी आडवे घातलेले कोअर (भोकाच्या आकाराच्या सळ्या) सरकून बाहेर येतात आणि इजेक्टर पिना ढकलून फ्रेम बाहेर काढतात.

या वाक्यातल्या प्रत्येक क्रियेचा ठसा फ्रेमवर उरतो. मोल्डचे दोन भाग जिथे भेटले तिथे रेघ. रस जिथून शिरला तिथे व्रण. पिनेने जिथे ढकललं तिथे गोल. म्हणून रेघ दिसली की "किती वाईट दिसते" हे विचारू नका. "मोल्डमध्ये या रेघेला कारण आहे का" हे विचारा. कारण सापडलं तर ती खूण निरुपद्रवी असण्याची शक्यता खूप. नाही सापडलं तर थांबा.

५. कारण असलेल्या खुणा

*पार्टिंग लाइन.* पकडीच्या पुढून आणि मागून, ट्रिगर गार्डच्या खालून, बरोबर मधोमध जाणारी सरळ बारीक रेघ. नखाला किंचित उंचवटा लागतो. मोल्डचे दोन अर्धे इथे भेटतात. नव्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवणारी रेघ हीच आणि सगळ्यात निरुपद्रवीही हीच. महागड्या पिस्तुलावरही ती असते. फरक एवढाच, की कुणी ती घासून लपवतं, कुणी लपवत नाही.

*पायरी.* पार्टिंग लाइनच्या एका बाजूचं प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूपेक्षा अगदी थोडं वर. मोल्डचे भाग तंतोतंत जुळले नाहीत किंवा झिजले. दिसायला वाईट, बाकी काही नाही.

*गेटचा व्रण.* रस शिरला तिथला तुटल्यासारखा किंवा कापल्यासारखा खडबडीत ठिपका. तो आतल्या बाजूला किंवा नजर न जाणाऱ्या कडेला लपवायचा असा डिझायनरचा प्रयत्न असतो. "कुणीतरी चाकूने कापलंय" असं वाटतं. खरंच कुणीतरी किंवा यंत्राने कापलेलं असतं, कारखान्यात.

*गोल ठसे.* स्लाइड काढल्यावर आत सपाट, नाण्यासारखे छोटे गोल दिसतात. ते इजेक्टर पिनांचे. आत कुठे बाण असलेली बारीक घड्याळासारखी चकती किंवा नुसता एखादा आकडा दिसला, तर तो भाग घडवल्याचा महिना किंवा कॅव्हिटीचा (मोल्डमधल्या पोकळीचा) नंबर. तो शस्त्राचा सिरियल नंबर नव्हे. त्यावरून दुकानदाराशी वाद घालणारा एक जण मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

*सिंक मार्क.* जाड भागावर बोट बुडावं तसा उथळ खळगा. जाड प्लॅस्टिक आतून उशिरा थंड होतं, आकसतं आणि वरची कातडी आत ओढतं. उथळ असेल तर सोडून द्या.

*पिसासारखे डाग.* गेटजवळ फिकट लाटा, काचेच्या तंतूंची चमक. रस कसा वाहिला त्याचा नकाशाच तो.

*पुढचा भाग किंचित वाकडा.* स्लाइड आणि फ्रेम यांच्यातली फट पुढे एका बाजूला जास्त दिसते. काच मिसळलेलं नायलॉन तंतूंच्या दिशेने कमी आणि आडवं जास्त आकसतं, त्यामुळे लांब पातळ भाग थोडा मुरडतो. स्लाइड मोकळी सरकते आहे ना, एका बाजूला घासत नाही ना, तेवढं बघा. फट मोजत बसू नका.

*वेल्ड लाइन.* हिच्यावर थोडं थांबायला हवं, माझी झोप हिनेच घालवली. भोक करण्यासाठी मोल्डमध्ये पिन उभी असते. रस तिच्या दोन्ही बाजूंनी वाहतो आणि पलीकडे परत भेटतो. नदीत खडकाच्या पुढे दोन प्रवाह मिळतात तसं. भेटीच्या जागी केसाएवढी रेघ उरते. म्हणून भोकापासून निघणारी वेल्ड लाइन ही नेहमीची गोष्ट. पण हिला मी पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. काचेचे तंतू ही रेघ ओलांडून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे तिथलं प्लॅस्टिक आजूबाजूच्यापेक्षा कमजोरच असतं. चांगला डिझायनर गेटची जागा अशी ठरवतो, की ही रेघ कमी ताणाच्या ठिकाणी पडावी. रेघ बंद असेल, नखाला लागत नसेल, तर ठीक. मात्र तिची जागा लक्षात ठेवा.

६. या खुणा सोडू नका

पिनांच्या भोकापासून निघालेली *वेडीवाकडी* रेघ. मोल्डमध्ये वाकडंतिकडं काही नसतं. त्याला यंत्रावर घासून, मोजून बनवलेलं असतं. सरळ किंवा सुबक वळण असलेली रेघ मोल्डची. फांद्या फुटलेली, दातेरी रेघ मोल्डची नव्हे.

रेघेच्या कडेला पांढुरका पट्टा. प्लॅस्टिक ताणलं गेल्याची ती खूण. नव्या फ्रेमवर ती असायला नको.

स्टीलच्या रेलभोवती प्लॅस्टिक अर्धवट भरलेलं, किंवा रेल बोटाने हलते. भरणं अपुरं राहिलं त्याला शॉर्ट शॉट म्हणतात. बादलीवर तो रिजेक्शनचा ढीग वाढवतो. इथे स्लाइड ज्याच्यावर धावते तीच गोष्ट कच्ची राहते.

मॅगझिनच्या खाचेत किंवा ट्रिगरजवळ लोंबणारी फ्लॅश, म्हणजे मोल्डच्या फटीतून बाहेर आलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. पापुद्रा बाहेर असेल तर नुसता कुरूप. आत असेल तर मॅगझिन अडकतं, नाहीतर ट्रिगर परत येत नाही. रिकामं मॅगझिन दहा वेळा घालून काढून बघा. बटण दाबल्यावर ते आपोआप खाली पडायला हवं.

चंदेरी रेषांचा भरपूर शिडकावा. एखादी हलकी रेष चालेल. भोसरीत पावसाळ्यात ड्रायर नीट चालला नाही, की नायलॉनच्या मालावर हमखास चांदी चढायची. ओला दाणा तापला की वाफ होते, तिच्या या रेषा. वाफेने नुसता रंग बिघडत नाही, वितळलेलं नायलॉन आतून तुटतं आणि भाग ठिसूळ होतो. आम्ही असा माल परत दळायला पाठवायचो. सगळी पकड चंदेरी दिसत असेल तर तो नग घेऊ नका.

आणि नंबरपट्टी. प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये सिरियल नंबर कायमच्या रुतवलेल्या धातूच्या पट्टीवर असतो. अक्षरं किमान ०.००३ इंच खोल आणि १/१६ इंच उंच हवीत असा नियम आहे. पट्टीभोवती चौकोनी कड आणि बारीक फट दिसणं साहजिक. पट्टी हलत असेल, किंवा नंबर फॉर्मवरच्या आणि डब्यावरच्या नंबराशी जुळत नसेल, तर तिथेच थांबा.

७. तरीही शंका असेल तर

शेजारचा नग मागा. सगळ्यात खात्रीची तपासणी ही, आणि फुकट. त्याच मॉडेलचं दुसरं पिस्तूल काउंटरवर ठेवायला सांगा आणि तीच जागा बघा. मोल्ड दर नगावर तीच सही करतो. तिथेही तीच रेघ असेल तर ती मोल्डची. तुमच्याच नगावर असेल तर तिचं कारण शोधा. माझ्या त्या रेघेचा निकाल असाच लागला : दुसऱ्या दिवशी दुकानात तीन नग पाहिले, तिन्हींवर ती त्याच भोकाखाली, त्याच लांबीची. विक्रेता हसला नाही, हे त्याचे उपकार.

नख आडवं फिरवा. उंचवटा लागला तर पार्टिंग लाइन किंवा फ्लॅश. काहीच लागलं नाही तर वेल्ड लाइन किंवा वाहण्याचा डाग. नख अडकलं तर काळजी.

अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि भिंगातून बघत राहा. पृष्ठभाग लगेच वाळतो. तडा असेल तर त्यात शिरलेला ओलावा क्षणभर गडद रेघ होऊन राहतो. नायलॉनला अल्कोहोलने काही होत नाही, पण विक्रेत्याला विचारून करा. माल अजून त्याचा आहे.

घरी आल्यावर रेघेच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या पेन्सिलीने टिंब काढा आणि शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या. रेंजवर एकदोनदा जाऊन आल्यावर पुन्हा बघा. मोल्डची खूण जागची हलत नाही, तडा टिंब ओलांडतो. हे फक्त मनाच्या समाधानासाठी. तडा असल्याची *खरी* शंका असेल तर ते पिस्तूल चालवून तपासायचं नाही.

८. रेघ घासायची का?

माझं मत : नको. माझ्या एका मित्राने गार्डखालची पार्टिंग लाइन पॉलिश पेपरने घासली. रेघ गेली, तिच्या जागी करड्या रंगाचा पट्टा आला, कारण वरची कातडी गेली आणि काचेचे तंतू उघडे पडले. आता त्याचं बोटही तिथे खाजतं. शिवाय कारखान्याची हमी त्याने स्वतःच धोक्यात घातली.

गार्डखाली मधलं बोट खरंच सोलत असेल तर एवढंच करा : पिस्तूल पूर्ण उघडून फ्रेम वेगळी करा, अगदी बारीक पेपर पाण्यात भिजवून फक्त तेवढी धार मोडा, तोंडाला मास्क लावा. ओल्या पेपरने काचेची धूळ उडत नाही. नंबरपट्टीच्या आसपास पेपर नेऊ नका. नंबर पुसला गेलेलं शस्त्र बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि "चुकून झालं" हे पटवून देणं महागात पडतं.

सिग सावरच्या पी३२० सारख्या पिस्तुलात हा प्रश्न सोपा आहे. तिथे नंबर आतल्या धातूच्या भागावर असतो, कायद्याने शस्त्र म्हणजे तोच भाग, आणि बाहेरची प्लॅस्टिकची पकड हा सुटा भाग. ती आवडली नाही तर दुसरी घाला.

९. परत पाठवायचं झालं तर

सहाव्या पायरीतलं काही घरी आल्यावर सापडलं, तर दुकानदाराशी भांडण्यात दिवस घालवू नका. थेट उत्पादकाच्या ग्राहकसेवेला लिहा. आडव्या उजेडातले तीन फोटो (जवळून, लांबून, आणि शेजारी नाणं ठेवून), सिरियल नंबर, खरेदीची पावती आणि किती काडतुसं चालवलीत तो आकडा. "फ्रेम खराब आहे" असं लिहिलंत तर साचेबद्ध उत्तर येईल. "ट्रिगरच्या पिनच्या भोकाखाली दातेरी रेघ, नख अडकतं, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगावर नाही" असं लिहिलंत तर ते पत्र तंत्रज्ञाच्या टेबलावर जातं.

पाठवायचं असेल तर उत्पादकानेच दिलेलं कुरिअरचं लेबल वापरा, स्वतःच्या मनाने पोस्टात टाकू नका. दुरुस्तीसाठी पाठवलेलं शस्त्र उत्पादक थेट तुमच्या पत्त्यावर परत पाठवू शकतो. त्याने फ्रेमच बदलून दिली आणि सिरियल नंबर नवा आला, तर ते कसं मिळणार आणि कोणता फॉर्म भरावा लागेल, हे आधी लेखी विचारून ठेवा. मॅगझिन आणि काडतुसं पाठवू नका. आणि डबा फेकू नका. पिस्तूल ज्या फोममध्ये आलं त्याच फोममध्ये ते सगळ्यात नीट बसतं.